विद्यार्थ्यांच्या हाती सोपविलेले उद्यान

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने पादुआ येथील विद्यापीठासाठी १५४५ साली औषधी वनस्पतींची एक बाग उभारली, ती लोकांनी येऊन पाहावी अशा हेतूने नव्हे. वैद्यकाचे अध्ययन करणाऱ्या तरुणांना ग्रंथात वर्णिलेली वनस्पती प्रत्यक्ष डोळ्यांनी ओळखता यावी, आणि खऱ्या औषधीच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी पण निरुपयोगी, क्वचित घातकही, अशी दुसरी मुळी व्यापाऱ्याने विकली असता ती लबाडी त्यांना तत्काळ उमगावी, यासाठी ती होती. उष्ण कटिबंधातील उद्यानांचा जन्म मात्र निराळ्या गरजेतून झाला. कलकत्त्याजवळचे शिबपूर (१७८७), जावा बेटातील बाइतेनझोर्ख, म्हणजे आजचे बोगोर (१८१७), सिंहलद्वीपातील पेरादेनिया (१८२१) आणि सिंगापूर (१८५९) येथील उद्याने त्या त्या राज्यकर्त्यांच्या महसुलाशी जोडलेली होती. कोणता मसाला कोणत्या मुलखात रुजेल, रबराचा चीक झाडाला इजा न करता कसा काढावा, सिंकोनाची लागवड कोठे करावी, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हे त्यांचे काम. शाळकरी मुलांशी त्यांचा संबंध फारसा येत नसे. आज जगातील बहुतेक वनस्पतिशास्त्रीय उद्याने शिक्षण हे आपले एक प्रमुख कर्तव्य मानतात. परंतु ते कर्तव्य पार कसे पाडावे याविषयी एकवाक्यता नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते झाडाच्या बुंध्यावर नावाची पाटी ठोकण्यापाशीच थांबते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका उद्यानाने या बाबतीत जो मार्ग धरला, तो आपल्याकडील शिक्षकांनी आणि उद्यानाधिकाऱ्यांनी बारकाईने पाहावा असा आहे.

त्या उद्यानाचे नाव फेअरचाइल्ड ट्रॉपिकल बोटॅनिक गार्डन. मायामी शहराच्या दक्षिणेस, कोरल गेबल्स या गावी, समुद्राच्या खाडीला लागून असलेल्या ८३ एकर भूमीवर ते पसरले आहे. लेखापाल आणि कायदेपंडित म्हणून ख्याती पावलेले रॉबर्ट माँटगोमेरी यांना ताडवृक्षांच्या संग्रहाचा विलक्षण छंद होता. त्यांनी १९३६ साली या उद्यानाची स्थापना केली, विल्यम लायमन फिलिप्स या रचनाकाराकडून त्याची आखणी करवून घेतली, आणि १९३८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. भूगोलाच्या काटेकोर हिशेबाने पाहिले तर मायामी कर्कवृत्ताच्या उत्तरेला येते. परंतु उष्ण सागरी प्रवाहाच्या सान्निध्यामुळे तेथील हिवाळा इतका सौम्य असतो की, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ताड, आंबा, फणस, चिकू यांसारखे उष्णदेशीय वृक्ष बाराही महिने उघड्यावर वाढू शकतात ते प्रायः याच टापूत.

माँटगोमेरी यांनी उद्यानाला स्वतःचे नाव न देता आपले स्नेही डेव्हिड फेअरचाइल्ड यांचे दिले, आणि या नामकरणातच पुढील शैक्षणिक कार्याचे बीज आहे असे मला वाटते. फेअरचाइल्ड (१८६९–१९५४) हे अमेरिकन सरकारच्या कृषिखात्यातील वनस्पतिसंशोधक. देशोदेशी हिंडून उपयुक्त वनस्पतींची बियाणी व कलमे स्वदेशी पाठविणे हे त्यांचे जीवितकार्य. १८९३ साली नेपल्सकडे जाणाऱ्या जहाजावर त्यांची बार्बर लॅथ्रॉप या धनिक प्रवाशाशी गाठ पडली; तरुणाच्या मनात जावा बेटास जाण्याची ओढ आहे हे कळताच लॅथ्रॉप यांनी त्याला एक हजार डॉलर देऊ केले, आणि त्या बळावर फेअरचाइल्ड १८९६ मध्ये बाइतेनझोर्खच्या उद्यानात जाऊन पोहोचले. तेथील संचालक मेलशियोर ट्रॉइब यांनी परदेशांतून येणाऱ्या अभ्यासकांसाठी एक स्वतंत्र प्रयोगशाळा चालविली होती. येणाऱ्यास एक मेज, उपकरणे आणि भोवतालचे अफाट उद्यान एवढे उपलब्ध करून द्यायचे, आणि पुढचे त्याच्या जिज्ञासेवर सोपवायचे, अशी ती पद्धत. फेअरचाइल्ड यांनी तेथे वाळवीचा आणि तिच्या वारुळातील बुरशीचा अभ्यास केला. व्याख्याने ऐकून नव्हे, हाताशी आलेल्या कामातून त्यांचे शिक्षण घडले. आणि त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या उद्यानाने पुढे जी योजना आखली तीत हेच मेज शाळकरी मुलांपुढे मांडले आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला या मुलखाशी आपले एक जुने नाते असल्याचे ऐकून समाधान वाटेल. १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने मुंबई इलाख्यातून आंब्याची काही कलमे मागविली. पुण्याजवळच्या गणेशखिंड उद्यानाचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांचा त्या पाठवणीत हात होता. १८९४–९५ च्या भयंकर थंडीत ती कलमे गारठून गेली. मलगोबा जातीचे एक तेवढे झाड तगले. त्या झाडाच्या आंब्याची कोय कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये मायामीजवळील कोकोनट ग्रोव्ह येथे लावली, आणि १९१० मध्ये तिला जे लालसर, गुटगुटीत फळ धरले ते हेडन या नावाने प्रसिद्धीस आले. आज युरोप-अमेरिकेच्या बाजारात दिसणारे टॉमी ॲटकिन्स आणि केंट हे आंबे याच हेडनच्या वंशातले. स्वतः फेअरचाइल्डही विसाव्या शतकाच्या आरंभी लॅथ्रॉपसमवेत मुंबईस आले होते आणि येथील आंब्यांनी मोहून गेले होते. त्यांच्या नावाच्या उद्यानात आज आंब्यांचा मोठा संग्रह असून, उन्हाळ्यात तेथे आंबामहोत्सव भरतो. मायामीत क्यूबा, हैती आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. आंबा हे त्यांच्याही अंगणातले फळ असल्यामुळे, उद्यान म्हणजे कोणा परक्याची संस्था असे त्या घरांतील मुलांना वाटण्याचे कारण उरत नाही.

शाळांसाठी या उद्यानाने आखलेला पहिला मोठा उपक्रम म्हणजे २००२ साली सुरू झालेले ‘फेअरचाइल्ड चॅलेंज’. बाह्यतः ही शाळाशाळांमधील स्पर्धा. वर्षारंभी उद्यानाकडून पर्यायांची एक यादी शाळांकडे जाते: कोणी एखाद्या वनस्पतीचे शास्त्रीय चित्र काढावे, कोणी पर्यावरणविषयक प्रश्नावर वादविवाद करावा, कोणी शाळेच्या आवारात बाग करावी, कोणी स्थानिक भाजीपाल्यापासून पाककृती सिद्ध करावी, कोणी गीत रचावे, कोणी प्रयोग करून त्याचा अहवाल लिहावा. प्रत्येक कामाचे गुण शाळेच्या खाती जमा होतात. स्पर्धेने विद्येत ईर्ष्या शिरते, हा आक्षेप मलाही मनोमन पटतो, आणि गुणांच्या बेरजेवर उभारलेली कोणतीही योजना मी थोड्या साशंकतेनेच पाहतो. तरीही या योजनेतील एक दूरदृष्टी मान्य केली पाहिजे. वनस्पतिशास्त्राचे दार केवळ विज्ञानात हुशार असलेल्या मुलांसाठी किलकिले ठेवायचे, ही सर्वत्र रूढ झालेली वहिवाट तिने मोडली. ज्याला सूक्ष्मदर्शकाचे भय वाटते पण ज्याचा कुंचला सफाईने चालतो, त्या मुलाने एका पानाच्या शिरा तासभर निरखून कागदावर उतरविल्या म्हणजे त्याने पानाची रचना शिकण्यास आरंभ केलाच. त्याला ते पाठ करावयास सांगण्याची गरज पडत नाही.

परंतु या उद्यानाची खरी थोरवी ज्या दोन उपक्रमांत प्रकटते त्यांत स्पर्धेला गौण स्थान आहे. त्यांतील एक २०१५ साली अमेरिकेची अंतराळसंस्था नासा हिच्या सहकार्याने सुरू झाला. अंतराळस्थानकावर महिनोन्महिने वास्तव्य करणाऱ्या, आणि उद्या मंगळाच्या दीर्घ प्रवासास निघणाऱ्या, अंतराळवीरांना डबाबंद अन्नाच्या जोडीला ताजी भाजी मिळावी, अशी नासाच्या शास्त्रज्ञांची खटपट आहे. साठविलेल्या अन्नातील काही जीवनसत्त्वे कालांतराने क्षीण होतात, आणि हिरवे पान पाहण्याचा व चावण्याचा आनंद मनालाही आधार देतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी स्थानकावरच पिकविलेल्या लाल लेट्यूसची पाने प्रथम चाखली. अडचण अशी की, तेथील लागवडीची पेटी लहान, प्रकाश दिव्यांचा, पाणी मोजके, माती म्हणून भाजलेल्या चिकणमातीचे बारीक खडे. अशा ठिकाणी बुटकेपणाने वाढणारी, लवकर तयार होणारी, न शिजविता खाता येणारी आणि तरीही पोषक अशी भाजी हवी. जगात खाद्य वनस्पतींच्या जाती अगणित, आणि त्या सर्वांची परीक्षा घेण्याइतका अवकाश कोणत्याही एका प्रयोगशाळेपाशी नाही.

ती परीक्षा उद्यानाने शाळांवर सोपविली. प्रत्येक शाळेला दिव्यांची मांडणी, कुंड्या, खत आणि बियाणे यांचा संच मिळतो. अंतराळस्थानकावरील पेटीशी मिळतीजुळती परिस्थिती वर्गाच्या एका कोपऱ्यात निर्माण केली जाते. बी किती दिवसांनी उगवले, रोप किती उंच आणि किती रुंद झाले, पाने पिवळी पडली काय, आणि अखेरीस कापणीच्या वेळी त्याचे वजन किती भरले, हे मुले मोजतात आणि सर्व शाळांसाठी एकाच नमुन्यात आखलेल्या तक्त्यात नोंदवितात. ही आकडेवारी उद्यानात एकत्र होऊन नासाकडे जाते. शेकडो वर्गांतून एकाच जातीची चाचणी होत असल्यामुळे एखाद्या वर्गाने पाणी घालण्यात हयगय केली, किंवा मोजपट्टी तिरकी धरली, तरी तेवढ्याने एकंदर निष्कर्षाला बाध येत नाही. उलट, निरनिराळ्या हातांनी वाढविली असूनही जी जात सर्वत्र चांगली येते तीच अंतराळवीरासारख्या नवख्या बागाइतदाराच्या हाती टिकेल, असा विश्वास शास्त्रज्ञांना वाटू लागतो.

या चाचण्यांतून पुढे आलेल्या जातींपैकी एक म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्वार्फ पाक चोय’, मोहरी-कोबीच्या कुळातील चिनी भाजीचा अतिबुटका प्रकार. २०२१ साली अंतराळस्थानकावर तिची लागवड झाली. तिला फुले आली तेव्हा अंतराळवीर माइक हॉपकिन्स यांनी लहानशा कुंचल्याने परागण केले, कारण तेथे ना वारा, ना मधमाशी. एरवी पाठ्यपुस्तकातील परागणाचा धडा परीक्षेपुरता घोकला जातो. ज्या मुलांनी हीच जात आपल्या वर्गात वाढवून तिच्या बाजूने दाखला दिला होता, त्यांना तो धडा किती निराळा दिसला असेल, याची कल्पना शिकविण्याचा अनुभव असलेल्या कोणासही करता येईल.

येथे थोडे थांबून या पद्धतीचे मर्म पाहिले पाहिजे. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत जो प्रयोग होतो त्याचे उत्तर आधीच छापलेले असते. विद्यार्थ्याचे काम त्या उत्तराशी आपला प्रयोग जुळविण्याचे, आणि तो जुळला नाही तर, खेदाची गोष्ट असली तरी, पुष्कळदा आकडे जुळविण्याचे. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला ठाऊक नाही, उद्यानाच्या संचालकाला ठाऊक नाही आणि खुद्द नासालाही ठाऊक नाही, असा प्रश्न हाती आला म्हणजे आकडे जुळविण्याचे प्रयोजनच नाहीसे होते. रोप मेले तर ते मेले असे लिहिणे हीच तेथे उपयुक्त माहिती ठरते. प्रामाणिक निरीक्षण हा नीतिपाठाचा विषय न राहता कामाची गरज बनतो.

दुसरा उपक्रम जमिनीवरचा, आणि मला अधिक प्रिय, तो दशलक्ष आमरींचा. दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीतील अरण्यांत एकेकाळी ऑर्किड, म्हणजे आपल्याकडील आमरीच्या कुळातील वनस्पती, वृक्षांच्या फांद्याफांद्यांवर विपुल होत्या. १८९६ मध्ये रेल्वे मायामीपर्यंत आली, आणि तिच्यापाठोपाठ लाकूडतोड व व्यापारही आला. अरण्यातील मोठे वृक्ष पडले, आणि त्यांवरील आमरी खरवडून, गाड्या भरभरून, पर्यटकांना व दूरच्या शहरांना शोभेसाठी विकल्या गेल्या. काही दशकांतच त्या इतक्या विरळ झाल्या की, आपापल्या बळावर पुन्हा पसरणे त्यांना अशक्य होऊन बसले.

अशक्य का, हे समजण्यासाठी आमरीच्या बीजाकडे पाहावे लागते. वाल, हरभरा, आंबा यांच्या बीजात अंकुरासाठी शिदोरी असते. आमरीच्या बीजात ती जवळजवळ नसतेच. तिच्या एका फळात लक्षावधी बिया असू शकतात, पण प्रत्येक बी धुळीच्या कणाएवढी, वाऱ्यावर दूर जाणारी आणि रित्या हातांची. झाडाच्या सालीवर ती जेथे पडेल तेथे विशिष्ट बुरशी असली, आणि त्या बुरशीने तिला पोसले, तरच ती रुजते. म्हणून लक्षावधींतून एखादीच तग धरते. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, साखर व क्षार घातलेल्या आगरच्या थरावर, सर्वथा निर्जंतुक अशा बाटलीत, बुरशीच्या साहाय्यावाचूनही ही बीजे रुजू शकतात. जळगावकडील केळीच्या बागाइतदारांना प्रयोगशाळेत तयार झालेल्या रोपांचा परिचय आहेच. तेथे जशी निर्जंतुकता प्राणाइतकी जपावी लागते तशीच येथेही.

फेअरचाइल्ड उद्यानाने या पद्धतीने स्थानिक आमरी वाढवून दक्षिण फ्लोरिडात त्यांची दहा लाख रोपे पुन्हा वसविण्याची तजवीज केली. सिंगापूरच्या उद्यानाने आपल्या रस्त्यांकाठच्या वृक्षांवर देशी आमरी परत आणण्याचे जे कार्य केले होते, ते यामागील आदर्श. दहा लाख रोपे ही काही मूठभर तंत्रज्ञांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. तेव्हा येथेही शाळांना पाचारण झाले. एक जुनी शाळेची बस घेऊन तिच्यात निर्जंतुक कामाची मेजे बसविली, आणि ही फिरती प्रयोगशाळा शाळेच्या दारात उभी राहू लागली. मुले हात धुऊन, बाटलीच्या तोंडाशी चिमट्याने काम करीत, दाटीने उगवलेली सुईच्या अग्राएवढी हिरवी रोपे एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत हलवितात. एक निष्काळजी श्वास पडला तरी चार दिवसांत बाटलीत करडी बुरशी माजते आणि सारे श्रम वाया जातात. महिनोन्महिने वाढल्यावर रोपे बाहेर काढून, बाहेरच्या हवेची सवय करून, शाळेच्या आवारातील आणि शहराच्या रस्त्यांकाठच्या झाडांना बांधली जातात. मग त्यांपैकी किती जगली, कोणत्या जातीच्या झाडाच्या सालीवर जगली, सावलीत की उन्हात, हे पाहण्याचे कामही मुलांचेच.

या कामाची मुदत शालेय वर्षाच्या चौकटीत बसत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. बीज पेरणारा वर्ग पुढच्या इयत्तेत जातो, रोप बांधणारा वर्ग दुसरा असतो, आणि फूल पाहणारा तिसराच. तरी सर्वांची नोंद एका दप्तरात राहते. अधिपादप वनस्पती आणि बांडगूळ यांतील भेद मुलांना येथे आपोआप कळतो. बांडगूळ आश्रयदात्याचा रस शोषते, आमरी केवळ बैठकीपुरती फांदी मागते; आणि ज्या मुलाने स्वतः आमरी फांदीला बांधली आहे, तो ती झाडाला मारील या भयाने ती ओरबाडून टाकणाऱ्या माळ्याला थांबविल्यावाचून राहणार नाही.

शिक्षकांच्या सिद्धतेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. संच शाळेत पोहोचण्यापूर्वी शिक्षकांना उद्यानात बोलावून शिकविले जाते, आणि वर्षभर त्यांच्या शंकांना उत्तर देणारी माणसे उद्यानाच्या आस्थापनेवर नेमलेली असतात. हा खर्च वगळला असता तर बाकी सारी योजना कागदावरच राहिली असती. मायामी परिसरात २०१४ पासून जीवसंवर्धनाला वाहिलेली एक सरकारी माध्यमिक शाळाही या उद्यानाशी संलग्न होऊन चालते. सहली, मार्गदर्शित फेऱ्या, फुलपाखरांचे दालन हे नेहमीचे कार्यक्रम तर आहेतच. ते आपल्या वाचकांना सुपरिचित आहेत.

आपल्याकडे या दिशेने साधनांचा अभाव आहे असे म्हणता यावयाचे नाही. ज्या गणेशखिंड उद्यानाचे वुड्रो अधीक्षक होते ते १८७३ साली स्थापन झालेले उद्यान पुण्याच्या कृषी महाविद्यालयाकडे आजही आहे, तेथे आंब्याचे शतायुषी मातृवृक्ष उभे आहेत, आणि २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिउद्यानाला केंद्र शासनाने अग्रणी उद्यान म्हणून मान्यता दिली असून, सह्याद्रीतील दुर्मिळ कंदीलपुष्पांच्या जतनाचे मोलाचे काम तेथे झाले आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत वृक्षप्रेमी नागरिक झाडांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या काढतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. या साऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. तथापि त्यांतील बहुतांश कार्यक्रमांत मूल हे पाहणारे असते; त्याच्या हातून उद्यानाला काही मिळावे अशी अपेक्षाच कोणी करीत नाही.

ती अपेक्षा करण्यासाठी नासाची आवश्यकता नाही. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील शाळांच्या आवारात आंबा, फणस, जांभूळ यांची झाडे आहेत; त्यांवर सीतेची वेणी ही आमरी पूर्वी कोठे होती, आज कोठे उरली आहे, यंदा कोणत्या आठवड्यात फुलली, तिला फळ धरले की नाही, याची खानेसुमारी गावोगावच्या मुलांनी केली तर सह्याद्रीच्या अभ्यासकांना एरवी दुर्लभ असा तपशील मिळेल. गणेशखिंडीतील मातृवृक्षांबाबत तर काम आणखी सोपे आहे. प्रत्येक झाडामागे पुण्यातील एक शाळा मुक्रर करावी. मोहर केव्हा फुटला, अवकाळी पावसाने किती झडला, कैऱ्या किती टिकल्या, फळाचे वजन किती भरले, हे त्या शाळेच्या मुलांनी दर पंधरवड्यास येऊन एका ठराविक नमुन्याच्या नोंदवहीत लिहावे, आणि महाविद्यालयातील एका अध्यापकाकडे ती वही वाचण्याची व मुलांना उत्तर देण्याची जबाबदारी लेखी हुकुमाने द्यावी. मोहर पौष-माघात येतो; तेव्हा झाडांची वाटणी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण जूनमध्ये शाळा उघडतात त्याच वेळी उरकावे लागेल, आणि कैऱ्या उतरविण्याचा काळ मेच्या सुटीत पडत असल्यामुळे त्या पंधरवड्यांसाठी उद्यानाजवळ राहणाऱ्या मुलांची निराळी यादी करून ठेवावी लागेल.